दोन रेडिओ, एकच गट

समजा लोणावळ्याचा एक हौशी बिनतारी संदेशक, म्हणजे 'हॅम', ४८ तासांच्या 'सीक्यू वर्ल्ड वाइड' स्पर्धेत एकटा उतरला. तिथे १०० वॅटपर्यंतचा गट वेगळा, १५०० वॅटपर्यंतचा वेगळा. रास्तच आहे, १५ पट शक्तीने संकेत सुमारे १२ डेसिबेलने बळावतो.

पण कामशेतच्या स्पर्धकाजवळ दोन रेडिओ आहेत! एकावर साद घालतानाच तो दुसऱ्यावर, निराळ्या पट्ट्यात, नवी केंद्रे हुडकतो. स्वतःच्याच संकेताने दुसरा रेडिओ दणाणू नये म्हणून फिल्टर लावतो. एका वेळी एकच संकेत सोडायचा, हा नियमही पाळतो. आपला लोणावळेकर मात्र बोलताना बहिराच! तरी दोघे एकाच गटात. दोन पट्टे ऐकणे हे कौशल्य खरे, पण दुसरा रेडिओ विकत घ्यावा लागतो. माझ्या मते गट वेगळा हवा. भराभर बदलणारे पट्टे नोंदवहीत परीक्षकांना दिसतातच.