उसातील बिबट्या

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके वसलेले आहेत. त्यांच्या पश्चिमेस नाणेघाट, माळशेज घाट आणि भीमाशंकर येथील डोंगर व रान आहे. पूर्वेस नारायणगाव, मंचर ह्या गावांभोवतीची सपाट व सुपीक शिवारे आहेत. कुकडी, घोड आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या ह्यांवर माणिकडोह, येडगाव, डिंभे इत्यादी धरणे झाली. त्यांच्या कालव्यांचे पाणी शिवारांत खेळू लागले आणि कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. ऊस एकदा लावला म्हणजे बारा ते अठरा महिने शेतात असतो. त्यात गारवा असतो, दाट आडोसा असतो. आणि बांधापलीकडच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या व वासरे असतात. बिबट्यास ह्याहून अधिक काय हवे? त्याने उसातच घर केले. मादी उसातच विते आणि तिची पिल्ले उसातच वाढतात.

डोंगराकडील लोकांस हा प्राणी नवा नाही. ह्या भागातील महादेव कोळी समाज आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळतो व वाघदेवाची पूजा करतो. परंतु पूर्वीचा वाघ रानात असे. आताचा बिबट्या घराच्या मागील दारी येऊ लागला. जनावरे नेऊ लागला. क्वचित माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, हल्ला करू लागला. ज्या घरातील मूल गेले, त्या घराचे दुःख शब्दांनी भरून येणारे नाही.

ह्या संकटावर प्रथम जो उपाय सुचला तो अगदी सरळ होता. बिबट्यास पिंजऱ्यात धरावे आणि दूरच्या अरण्यात नेऊन सोडावे. २००१ सालापासून जुन्नर भागात हा उपाय मोठ्या प्रमाणावर योजण्यात आला. एकोणतीस बिबटे पकडून सरासरी सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील रानांत सोडण्यात आले. त्यापूर्वीच्या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. उपाय सुरू झाल्यावर हल्ले थांबतील अशी अपेक्षा होती. पण ते वर्षाला सरासरी सतरापर्यंत वाढले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. जेथे बिबटे सोडले त्या जागांच्या आसपासही माणसांवर नवे हल्ले होऊ लागले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या घटनांचा अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर शोधावयाचे तर बिबट्याच्या वागणुकीमागे त्याची मज्जासंस्था कशी काम करते हे पाहिले पाहिजे.

प्राण्याचे प्रत्येक वर्तन ज्ञानेंद्रियांपासून सुरू होते. बिबट्याच्या डोळ्यातील पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. पडद्यातून निसटलेला प्रकाश त्या थरावरून परतून पुन्हा पडद्यावर येतो. म्हणून अंधुक उजेडातही त्यास चांगले दिसते आणि विजेरीच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. त्याच्या मिशांच्या मुळाशी मज्जातंतूंची दाट जाळी असते. डोळे, कान, नाक व मिशा ह्यांनी टिपलेली वार्ता मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. मेंदू तिचा अर्थ लावतो आणि मज्जारज्जूमार्गे स्नायूंना आज्ञा देतो. दबावे, पळावे, की झेप घ्यावी, ह्याचा निर्णय क्षणार्धात होतो.

परंतु मेंदू केवळ ह्या क्षणाचा विचार करीत नाही. तो स्मरणही ठेवतो. हिप्पोकँपस नावाच्या मेंदूच्या भागात ठिकाणांची नोंद होते. उंदीर एका विशिष्ट जागी आला की तेथील विशिष्ट पेशी उद्दीपित होतात, असे जॉन ओकीफ ह्यांनी १९७१ साली दाखवून दिले; ह्या कार्याबद्दल त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जणू डोक्यात प्रदेशाचा नकाशाच रेखाटला जातो. बिबट्यालाही आपल्या हद्दीतील पाणवठा, ओढा, लपण्याची जागा आणि माणसांची वर्दळ केव्हा थांबते ती वेळ, हे सारे अनुभवाने ठाऊक असते. त्या ज्ञानाच्या बळावरच तो माणसाला टाळून माणसाशेजारी राहतो. अनोळखी रानात त्यास सोडले म्हणजे हे ज्ञान निरुपयोगी ठरते. मग तो भटकत राहतो. २००९ साली पारनेर तालुक्यातील एका विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात यंत्रपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. तो तेथे थांबला नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या परिसरापर्यंत गेला. ह्याच बिबट्यास ‘आजोबा’ हे नाव मिळाले. एवढ्या प्रवासात त्याने कोणाही माणसास इजा केली नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट भयाची. मेंदूच्या तळाकडे बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. धोक्याची चाहूल लागताच तो हायपोथॅलॅमस ह्या भागास जागे करतो. त्याच्या इशाऱ्याने अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलीन हा स्राव रक्तात सोडतात. हृदय वेगाने धडधडते, श्वास जलद होतो, स्नायूंकडे रक्त धावते. वॉल्टर कॅनन ह्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या अवस्थेचे वर्णन केले. शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते, असे त्याने सांगितले. पिंजरा, गर्दी, गोंगाट, प्रवास आणि परकी जागा ह्या सर्वांचा ताण पकडलेल्या बिबट्यावर पडतो. शिवाय पिंजऱ्यात तो रोज माणसे जवळून पाहतो. एकच उद्दीपन वारंवार होऊन त्यापासून काही घडले नाही, तर मज्जासंस्था त्यास प्रतिसाद देईनाशी होते. ही सवयीची क्रिया सर्व प्राण्यांत आढळते. अशा रीतीने बिबट्याचे माणसाविषयीचे उपजत भय बोथट होत असावे. हा ताण, परका प्रदेश आणि बोथट झालेले भय ह्यांमुळेच स्थलांतरानंतर हल्ले वाढले असावेत, असे संशोधकांचे अनुमान आहे.

बिबट्या हल्ला करतो म्हणजे तो नेहमी रागावलेला असतो, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील वॉल्टर हेस ह्यांनी मांजरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये बारीक तारा बसवून सौम्य वीजप्रवाह सोडला, तेव्हा शांत बसलेले मांजर केस फिंदारून फिसकारू लागले. १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढील संशोधनात असे आढळले की मांजरांतील हल्ला दोन प्रकारचा असतो. एक स्वसंरक्षणाचा; त्यात गुरगुरणे, कान मागे पाडणे, पंजे मारणे असते. दुसरा शिकारीचा, त्यात मांजर निःशब्द राहून दबकत पुढे सरकते. दोहोंचे मज्जामार्ग वेगळे आहेत. बिबट्या मांजराच्याच कुळातील आहे. पिल्लांजवळ कोणी गेले किंवा त्यास चहूकडून घेरले, तर पहिला प्रकार जागा होतो. एकटे लहान मूल, वाकून गवत कापणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस ही आकृती ठेंगणी दिसते. तेव्हा दुसरा प्रकार जागा होण्याचा संभव असतो. उभ्या माणसाची उंच आकृती त्याच्या नेहमीच्या भक्ष्यासारखी नसते.

आता माणसाच्या मेंदूकडे वळू. अमिग्डला त्याच्याही डोक्यात आहे. बिबट्या विहिरीत पडला की शेकडो माणसे काठावर जमतात, ओरडतात, दगड मारतात. तेथे भयच काम करीत असते. परंतु माणसाच्या कपाळामागील ललाटखंड इतर प्राण्यांच्या मानाने फार विकसित आहे. क्षणिक भावनेस आवर घालणे, मागचा अनुभव आठवून पुढचा विचार करणे ही त्याची कामे होत. ह्या सामर्थ्याचा उपयोग गावांनी करावयास हवा. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. उसाजवळून जाताना सोबत घ्यावी, मोठ्याने बोलावे, हातात विजेरी व काठी ठेवावी. गोठा सर्व बाजूंनी बंद असावा. मांसाचा कचरा उघड्यावर टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. जुन्नरच्या शेजारील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहारातील मोठा वाटा कुत्र्यांचाच असल्याचे अभ्यासातून दिसून आले आहे.

ऊसतोडीच्या वेळी पाचटात बिबट्याची पिल्ले सापडतात. अशा वेळी त्यांना घरी नेणे धोक्याचे असते, कारण आई त्यांना शोधत फिरते. म्हणून वनखात्याचे लोक व माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचे पशुवैद्य त्या पिल्लांची तपासणी करतात आणि सायंकाळी त्यांना त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते, पिल्लू तोंडात धरते आणि निघून जाते. ज्या शेतकऱ्याचा ऊस अर्धा तोडावयाचा राहिला आहे तो त्या रात्री काम थांबवतो. त्याचे नुकसान होते. पण पिल्ले हरवलेली मादी शिवारात बिथरून फिरत नाही.

हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. २०२५ सालीही जुन्नर वनविभागातील शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, आणि लोकांचा संताप रस्त्यावर आला. तो संताप रास्त होता. माणसांचे प्राण घेणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त केलाच पाहिजे. पण कोणता उपाय संकट कमी करतो आणि कोणता वाढवतो, हे केवळ संतापाने कळत नाही. एकोणतीस बिबट्यांच्या स्थलांतराने जो धडा दिला तो महाग पडला. तो विसरणे आणखी महाग पडेल. बिबट्या आपले वर्तन आपण होऊन तपासू शकत नाही. माणसाला ते शक्य आहे; म्हणूनच उसाच्या कडेला राहणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी त्याच्यावर येते.