देहदंडाची दोन मापे

प्राण घेण्याचा अधिकार हा राजसत्तेचा सर्वांत भयंकर अधिकार होय. एखादे सरकार तो स्वदेशात कसा वापरते आणि समुद्रापलीकडील अंकित प्रदेशात कसा वापरते, हे ताडून पाहिले म्हणजे त्याच्या न्यायबुद्धीची खरी पारख होते.

या पारखेचे एक स्थळ आमच्या जबलपुरातच आहे. गोंड राजघराण्यातील शंकर शाह व त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना कंपनी सरकारने १४ सप्टेंबर १८५७ रोजी कैद केले. आरोप बंडाच्या कटाचा. आणि झडतीत हाती लागली शत्रुनाशासाठी देवीला केलेली एक प्रार्थना. चार दिवसांत चौकशी उरकून १८ सप्टेंबरला पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या काळी खुद्द इंग्लंडात खुनाखेरीज अन्य गुन्ह्यांसाठी फाशी देणे जवळजवळ थांबले होते. येथे मात्र त्याच वर्षी केलेल्या खास कायद्यांनी अधिकाऱ्यांना अपिलाविना देहान्त शिक्षा देण्याची मुभा मिळाली. हेतू दहशत बसवण्याचा होता. पण त्याच रात्री येथील ५२ वी पलटण बंड करून निघून गेली.

पोर्तुगालचा मार्ग निराळा. त्या देशाने १८६७ साली नागरी गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द केला आणि १८७० मध्ये ती सुधारणा सागरपार प्रांतांना लावली. म्हणजे पुण्यास फाशीचा कायदा असताना पणजीस तो नव्हता! तथापि १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्याच. कायद्यातून फास काढला म्हणून सत्तेच्या हातातील बंदूक खाली पडत नाही.

ब्रिटनने खुनासाठीची फाशी १९६५ साली थांबवली. परंतु बर्म्युडा बेटावर, ब्रिटिश निशाणाखालीच, १९७७ मध्ये दोघांना फाशी दिले गेले. पुढे कॅरिबियन समुद्रातील पाच ब्रिटिश प्रदेशांतून खुनासाठीचा देहदंड १९९१ साली हटला, तोही तेथील विधिमंडळे राजी नसताना, लंडनच्या हुकुमाने. निर्णय दयेचा खरा, पण घेणारा हात पुन्हा दूरचाच.

श्रोतेहो, येथे आपणासही विचार करणे प्राप्त आहे. १८६० ची दंडसंहिता परक्यांनी रचली. तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आणि देहदंड तीतही आहे. मात्र १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तो 'विरळातील विरळ' प्रकरणापुरता मर्यादित केला. आता कायदा आपला आहे आणि अपिलाची वाटही आहे. म्हणूनच जबाबदारी दूरच्या राजधानीवर ढकलता येणार नाही. शिक्षा आपल्या नावाने दिली जाते; ती ठेवावी की नाही, याचे उत्तरही आपणच दिले पाहिजे.