सायकलस्वाराची वाट सुरक्षित व्हावी

एके काळी ‘सायकलींचे शहर’ हीच पुण्याची ओळख होती. पुढे रस्त्यांवर स्वयंचलित वाहनांचे राज्य आले. तरीही कामावर जाणारे अनेक मजूर, पहारेकरी व रात्रपाळीचे कामगार आजही सायकलीवरच विसंबून आहेत.

ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 11 मीटर अंतर कापते. अंधारात सायकल उशिरा दिसली, तर चालकास ब्रेक लावण्यासही अवधी उरत नाही. म्हणूनच पुढे दिवा लावणे, मागील तांबडा परावर्तक स्वच्छ ठेवणे व फिकट रंगाचे कपडे वापरणे अगत्याचे ठरते. उभ्या मोटारींचे दार अकस्मात उघडते. त्यांच्यापासून सुमारे 1 मीटर दूर राहावे. डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या डाव्या बाजूस शिरू नये. तेथील सायकलस्वार चालकास सहसा दिसत नाही.

पुणे महानगरपालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. परंतु सायकलमार्गावर वाहने उभी राहिली, की सायकलस्वारास भर रहदारीतच उतरावे लागते. तो मार्ग मोकळा ठेवणे, ही प्रशासनाइतकीच प्रत्येक वाहनधारकाचीही जबाबदारी होय.