लुटुपुटूची मंडई : विक्रीचा पाठ

शेतीशाळेतील विद्यार्थी पेरणीपासून काढणीपर्यंतची कामे शाळेच्या शेतात शिकतो; विक्री मात्र तो थेट बाजारात, घरच्या मालावर शिकतो. तेथे चूक झाली तर नुकसान कुटुंबाचे होते. यास्तव विक्रीचा सरावही शाळेतच करवून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम विद्यार्थ्यांस पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी न्यावे. १८८६ साली खुली झालेली ही मंडई आज किरकोळ विक्रीची आहे. घाऊक व्यवहार गुलटेकडीच्या बाजार आवारात चालतात. दोन्ही ठिकाणी भाव, प्रतवारी व वजन कसे होते, हे मुलांनी स्वतः टिपून आणावे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब व शेतीचे ज्ञान असावे असे मांडले होते. या पाठात दोन्ही एकत्र येतात.

नंतर शाळेच्या पडवीत मंडई मांडावी. शेतकरी, तोलणार, अडते व खरेदीदार अशी कामे मुलांत वाटावीत. तराजू खरा असावा. माल एक क्रेट टोमॅटो पुरे, उरलेला कागदावर धरावा. समजा, २० क्रेट, प्रत्येकी निव्वळ २० किलो, म्हणजे ४०० किलो माल १२ रुपये भावाने विकला. रक्कम ४,८०० रुपये होईल.

आता अडत्याने पट्टीत मुद्दाम ६ टक्के अडत, म्हणजे २८८ रुपये, कापावी. फळे व भाजीपाल्याची अडत खरेदीदाराने द्यावी, असा नियम राज्यात २०१६ साली झाला आहे. दुसऱ्या फेरीत तोलणाऱ्याने रिकाम्या क्रेटचे वजन दोनदा वजा करावे. क्रेट २ किलोचा धरल्यास ४० किलोंचे, म्हणजे ४८० रुपयांचे नुकसान होईल.

या वेळी शिक्षकाने अथवा ग्रामसेवकाने चूक दाखवू नये. पट्टी मुलांच्या हाती द्यावी, नियम व टिपणवही समोर ठेवावी आणि थांबावे. चूक सापडली नाही, तर ‘काट्यावर काय दिसले? पट्टीत काय लिहिले?’ एवढेच विचारावे. मग कामे बदलून पुन्हा फेरी घ्यावी.

शेतकरी बंधूंनी आपली जुनी पट्टी या पाठासाठी शाळेस अवश्य द्यावी. ती तपासावयास शिकलेला मुलगा उद्या आपल्याच मालाची पट्टी तपासणार आहे.