कुंडीसमोरचा कॅमेरा

१९१२ साली दादरच्या एका घरात कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले गेले. कुंडीसमोर लंडनहून आणलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा उभा राहिला आणि महिनाभराहून अधिक काळ तिथेच राहिला. दादासाहेब फाळक्यांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आदल्या वर्षी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. आता चित्रपट काढायचा तर पैसा हवा होता आणि पैसेवाल्यांना दाखवायला हातात काहीच नव्हतं. नट नव्हते, नेपथ्य नव्हतं. त्यांनी वाटाण्याला उभं केलं.

पडद्यावर दाणा फुटला, अंकुराने मान वर काढली, पानं उलगडली, वेल चढू लागली. सगळं मिळून जेमतेम मिनिटभराचं. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. राजाच्या आधी वेल आली होती.

या फिल्मबद्दल सांगताना ‘दिवसाला एक चित्र’ असं सर्रास म्हटलं जातं. हिशेब मांडला की ते जुळत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत. म्हणजे मिनिटाला ९६०. दिवसाला एकच चित्र घेतलं असतं तर महिन्याची मेहनत दोन सेकंदांत संपली असती. मिनिटभराची फिल्म हवी, तर दिवसाला तीसेक चित्रं लागतात. उजेड असेपर्यंत दर पंचवीस मिनिटांनी कुणीतरी कॅमेऱ्यापाशी यायला हवं. मग ती फिल्म धुवायची. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करत. एका वेलीच्या मिनिटभर चढण्यामागे घरातल्यांची अशी महिनाभराची ये-जा असणार.

टाइम-लॅप्सची सगळी कला या ये-जा करण्यात आहे. यंत्र साधं, तत्त्व त्याहून साधं. चित्रं सावकाश घ्यायची, दाखवायची मात्र नेहमीच्या वेगाने. एखादं फूल उमलायला बारा तास घेत असेल आणि ते पडद्यावर पंधरा सेकंदांत उमलायला हवं असेल, तर आजच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने ३७५ चित्रं लागतात. म्हणजे साधारण दर दोन मिनिटांनी एक. गणित शाळकरी पोरालाही येईल. पण त्या बारा तासांत कुंडी हलता कामा नये, उजेड बदलता कामा नये, दार आपटता कामा नये. हलायचा हक्क फक्त झाडाला.

झाडं हलतात हे कॅमेऱ्याच्या आधीही माहीत होतं. ते मोजायला चार्ल्स डार्विनने फार चिकाटीची युक्ती काढली होती. रोपाच्या शेंड्याला केसासारखा बारीक काचेचा तंतू चिकटवायचा, त्याच्या टोकाला काळ्या लाखेचा इवलासा मणी. मागे कागदावर एक ठिपका, पुढे उभी काच. मणी आणि ठिपका एका रेषेत येतील तिथे काचेवर शाईने खूण करायची. थोड्या वेळाने पुन्हा, मग पुन्हा. दिवसाअखेर खुणा जोडल्या की नागमोडी, वेटोळी रेघ दिसे. मुलगा फ्रान्सिस याच्यासोबत केलेल्या या कामाचं पुस्तक १८८० साली निघालं. त्याआधी वेलींचा अभ्यास करताना त्याने हॉपच्या वेलीचा शेंडा उन्हाळ्याच्या दिवसांत सरासरी २ तास ८ मिनिटांत एक फेरी पुरी करतो, हेही घड्याळ लावून टिपलं होतं. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. झाडाची वाढ दहा हजारपट मोठी करून तो काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांत उतरवत असे. दोन्ही पद्धती अचूक होत्या. पण दोन्हींत उरत ते ठिपके, त्यात झाड नसे.

झाड सबंध दिसलं ते लाइपझिगमध्ये. विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९८ ते १९०० या काळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी छोट्या फिल्म केल्या. त्यातली पात्रं मराठी वाचकाला परकी नाहीत. तेरड्याच्या कुळातलं एक रोप, बाकल्याचं रोप, ट्युलिप, लाजाळू आणि तारयंत्राच्या नावाने ओळखली जाणारी, इवली पानं नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या वेगाने हलवणारी वनस्पती. चलच्चित्राला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आगगाडी फलाटावर शिरताना पाहायला लोक गर्दी करत होते, त्याच दिवसांत एक प्राध्यापक मुळीचं टोक मातीत शिरताना दाखवत होता.

लोकांच्या डोळ्यांपर्यंत हा चमत्कार नेला तो लंडनच्या पर्सी स्मिथने. तो शिक्षण खात्यात कारकून होता. चार्ल्स अर्बन या निर्मात्यासाठी त्याने १९१० साली फुलं उमलण्याची फिल्म केली, ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’. पुढे ‘सीक्रेट्स ऑफ नेचर’ या १९२२ पासूनच्या मालिकेसाठी तो वर्षानुवर्षं काम करत राहिला. त्याचं साउथगेटमधलं घर म्हणजेच त्याचा स्टुडिओ. घड्याळं, दोऱ्या, वजनं, जुन्या वस्तूंचे सुटे भाग जोडून त्याने आपोआप चित्र घेणारी यंत्रं उभी केली होती. रात्री कुठे काही अडलं, फिल्म संपली, तर घंटा वाजून त्याला उठवे. तान्ह्या बाळाच्या घरात रात्री जशा सरतात, तशा त्याच्या घरात कळ्यांपायी सरत. त्याच्या फिल्म आजही बघवतात. फुलं हलताना त्यांत अजिबात घाई जाणवत नाही. झाडाला हास्यास्पद न करण्याइतका संयम त्याच्या हातात होता.

सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. कॅमेऱ्याला दरवेळी तेवढाच उजेड हवा, झाडाला मात्र दिवस आणि रात्र दोन्ही हवेत. खिडकीपाशी ठेवलं तर ढग आला की चित्र काळवंडतं आणि फिल्म चालवल्यावर पडदा लुकलुकतो. शिवाय रोप खिडकीकडेच झुकत जातं. म्हणून खोली बंद करावी लागते, आतला सूर्य आपणच ठरल्या वेळी उगववायचा आणि मावळवायचा. चित्र घेण्याच्या क्षणी वाढीचे दिवे बंद, चित्राचे दिवे चालू, पुन्हा उलट. रात्रीच्या हालचाली हव्या असतील तर शास्त्रज्ञ इन्फ्रारेड दिवे वापरतात. त्या उजेडाकडे रोप वळत नाही.

उजेडात चूक झाली तर झाड नुसतं कोमेजत नाही, वेगळंच वागतं. अमेरिकेतल्या जॉन ऑटची गोष्ट या धंद्यात प्रसिद्ध आहे. तो शिकागोचा बँकर, छंदापायी बँक सोडून कॅमेऱ्यामागे गेलेला. डिस्नेच्या ‘सीक्रेट्स ऑफ लाइफ’ (१९५६) या चित्रपटासाठी तो तळघरात भोपळ्याचा वेल चित्रित करत होता. वेलाला नर फुलं येत, मादी फुलं धरण्याआधीच गळत. भोपळा लागणार कुठून? पुढच्या खेपेला ट्यूबलाइट बदलल्या, तर उलटा प्रकार, मादी फुलं टिकली आणि नर गळाली. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. कॅमेरा नुसता साक्षीदार असतो, असं मग म्हणता येत नाही. त्याच्यासाठी लावलेला दिवाही झाडाच्या आयुष्यात ढवळाढवळ करतो.

या चित्रणाने झाडांबद्दलची समज किती बदलली याचं उत्तम उदाहरण अमरवेल. कुंपणावर पिवळ्या नूडल्ससारखी पसरलेली ही परजीवी वेल सर्वांच्या ओळखीची. तिला स्वतःचं अन्न जवळजवळ करताच येत नाही. उगवल्यावर थोड्या दिवसांत यजमान सापडला नाही तर ती मरते. २००६ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की तिचं कोवळं रोप टोमॅटोच्या वासाच्या दिशेने वाढतं. टाइम-लॅप्समध्ये तो शेंडा हवेत गोल गोल फिरतो, टोमॅटोकडे कलतो, देठाला टेकतो आणि वेटोळं घालतो. आंधळा माणूस हाताने चाचपत दार शोधतो, अगदी तसं. सूर्यफुलाचंही तेच. कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं हे सगळे सांगतात. रात्री काय होतं, ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. अंधारात ते हळूहळू मान वळवून पूर्वेकडे परत येतं आणि पहाट होण्याआधी तयार असतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडची. मान वळते ती वाढीमुळे. म्हणूनच वाढ थांबली की पिकलं फूल पूर्वेला तोंड करून स्थिर होतं, आणि सकाळच्या उन्हात लवकर तापल्यामुळे त्याच्यावर मधमाश्याही अधिक येतात.

डेव्हिड ॲटनबरो यांच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स’ या टीव्ही मालिकेने १९९५ साली काटेरी ब्रॅम्बलला जंगलाच्या जमिनीवर पंजे टाकत सरकताना दाखवलं. २०२२ च्या ‘द ग्रीन प्लॅनेट’पर्यंत कॅमेराही चालू लागला. क्रिस फील्ड या अमेरिकी अभियंत्याने बनवलेला यंत्रहात दोन चित्रांच्या मधल्या वेळेत किंचित सरकतो. परिणाम असा, की वेल चढते आणि कॅमेरा तिच्या खांद्यापाशी राहून सोबत चढतो. अवघड भाग यंत्र चालवण्याचा नाहीच. पुढच्या तीन आठवड्यांत शेंडा कुठे असेल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि वेल त्याला बांधील नसते. चौकटीबाहेर गेली की पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात.

आज हे सगळं खिशातल्या फोनमध्ये आहे. पुण्या-मुंबईच्या गॅलऱ्यांत पावसाळ्यात ब्रह्मकमळाच्या कळ्या धरतात. लोंबकळणारी कळी एके दिवशी मान उचलते, तेव्हा घरात निरोप जातात: आज रात्री. फोन स्टँडला लावायचा, चार्जर जोडायचा, फोकस आणि उजेड एकाच मापावर कुलूपबंद करायचा, नाहीतर फोन आपल्या मनाने चित्र उजळवत-काळवंडत राहतो. गॅलरीतला दिवा एकदा लावला की सकाळपर्यंत हात लावायचा नाही, पंखा बंद. आठच्या सुमाराला बाहेरच्या पाकळ्या मागे वळू लागतात, शेजारी येतात, कुणी उदबत्ती लावतं. बारा वाजता फूल पूर्ण उमलतं आणि माणसं झोपायला जातात. फोन चालूच असतो. पहाटे पाकळ्या मिटायला लागतात, देठ सैल पडतो, फूल खाली झुकतं. आणि सकाळी चहा घेताना घरातली मंडळी ते पहिल्यांदा पाहतात.