बाप हयात असतां मुलाचें नांव

प्रस्तुत लेखक तालुका कचेरींत कारकून असतांनाची गोष्ट आहे. जानेवारी महिना होता. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा, म्हणजे १२ जानेवारीचा दिवस १९८५ सालापासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळण्यांत येतो. त्यानिमित्त तरुण हे राष्ट्राचा कणा आहेत अशा अर्थाचा एक मोठा फलक कचेरीच्या भिंतीवर लाविलेला होता. त्या फलकाखालीं चौतीस वर्षांचा एक शेतकरी हातांत कागद घेऊन उभा होता. ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा त्याचा अर्ज शेतकी खात्यानें परत केला होता, कारण अर्जासोबतच्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांव त्याचें नव्हतें, वडिलांचें होतें. सोळा वर्षें नांगर त्याच्या हातीं, पेरणीचा विचार त्याचा, बाजारहि त्याचाच. त्यानें विचारलें, "भाऊसाहेब, माझें नांव कधीं लागेल?"

या प्रश्नाचें खरें उत्तर कोणाहि मुलाच्या तोंडावर देतां येण्यासारखें नाहीं. मीं त्यास वांटणीचा मार्ग सांगितला. त्यावर तो म्हणाला कीं, वडील सही करीत नाहींत; नांव लाविल्यावर आम्हांस भाकरीस कोण विचारील, असें ते म्हणतात. पुढें ते वडीलहि एकदां कचेरींत आले तेव्हां माझी त्यांची भेट झाली. त्यांची भीति खोटी होती असें मला वाटलें नाहीं. नांव गेल्यावर ओसरीवर येऊन पडलेले म्हातारे मीं पुष्कळ पाहिले आहेत.

सरकार तरुणांसाठीं कांहींच करीत नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं निघाली, नेहरू युवा केंद्रें १९७२ सालीं. मतदानाचें वय एकवीसवरून अठरा झालें तें एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें, १९८९ सालच्या मार्चपासून. पंचायतीची निवडणूक एकविसाव्या वर्षीं लढवितां येते. केंद्र सरकारनें पहिलें राष्ट्रीय युवा धोरण १९८८ सालीं केलें, दुसरें २००३ सालीं, तिसरें २०१४ सालीं. आणि २०२२ सालीं आणखी एका धोरणाचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांकडून सूचना मागविल्या. आपल्या राज्याचेंहि युवा धोरण २०१२ सालीं झालें. २००३ च्या धोरणांत तेरा ते पस्तीस वर्षांच्या माणसास तरुण मानिलें होतें, २०१४ च्या धोरणानें पंधरा ते एकोणतीस हें वय धरिलें. म्हणजे आमचा खिडकीवरचा गृहस्थ एका धोरणाप्रमाणें तरुण होता आणि दुसऱ्याप्रमाणें नव्हता; सातबाऱ्याप्रमाणें तर तो कोणीच नव्हता.

सूचना मागविल्या म्हणजे त्या कोण पाठवितो, याचा विचार करावा. महाविद्यालयांत शिकणारा पाठवितो, शहरांतील संस्था पाठवितात. बांधावर काम करणाऱ्या मुलास मसुदा निघाल्याची वार्ताहि लागत नाहीं. आणि लागली तरी आपली अडचण 'युवा' या सदरांत मोडते असें त्याच्या मनांत येत नाहीं. ती वारसाची, वांटणीची, घरांतील गोष्ट असें तो समजतो. आमच्या मतें मुख्य चूक येथेंच आहे. शेतकऱ्याच्या मुलासंबंधानें तरुणांचें धोरण म्हणजे जमिनीचें धोरण होय; आणि म्हाताऱ्याची सोय केल्याखेरीज तें होत नाहीं. ही गोष्ट तरुण शेतकऱ्यांनीं स्वतः ओळखून सरकारकडून कायद्यांत उतरवून घेतली, असा एक दाखला फ्रान्स देशांत घडला आहे. तो थोड्या विस्तारानें देतों, कारण तेथील अडचण हुबेहूब आमच्या खिडकीवरची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडेहि बापाच्या शेतावर मुलगा चाळिशीपर्यंत राबे. दप्तरीं त्याची नोंद 'कुटुंबांतील मदतनीस' एवढीच. मजुरी नाहीं, मालकी नाहीं, आणि पतहि नाहीं. या मुलांस बोलतें केलें तें १९२९ सालीं स्थापन झालेल्या कॅथॉलिक शेतकरी तरुणांच्या एका संघानें. आधीं पाहावें, मग पारखावें, मग करावें, अशी त्या संघाची शिकवण होती. तेव्हां आपल्याच भागांतील स्थिति पाहून ती मांडण्याची संवय मुलांस लागली. याच मुशींतून मिशेल देबातिस नांवाचा एक तरुण पुढें आला. हा १९२९ सालचा जन्मलेला, मध्य फ्रान्सच्या डोंगराळ मुलखांतील लहान शेतकऱ्याचा मुलगा. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तरुण शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचें चिटणीसपद त्याच्याकडे आलें.

त्या वेळचे वडीलधारे पुढारी सरकारकडे एकच मागणी करीत: भाव द्या. तरुणांनीं म्हटलें, भाव पाहिजेच. पण नुसत्या भावानें ज्याच्याकडे शेंकडों एकर आहेत त्याचें भलें होतें. ज्याला जमीनच मिळत नाहीं त्यास भाव काय करावयाचा? आम्हांस जमीन मिळण्याचा मार्ग द्या, शिक्षण द्या, आणि म्हाताऱ्यांस मानानें बाजूस होतां येईल अशी तजवीज करा. आपल्याच बापांच्या संघटनेविरुद्ध असें उभें राहणें सोपें नव्हतें.

५ ऑगस्ट १९६० रोजीं सरकारनें शेतीविषयक एक मोठा कायदा केला. त्यांत 'साफेर' नांवाच्या जमीनसंस्था काढण्याची योजना होती: विकाऊ जमीन या संस्थांनीं घ्यावी आणि लहान किंवा नव्या शेतकऱ्यास द्यावी. परंतु कायदा झाला तरी नियम निघेनात. नियमांवांचून कायदा म्हणजे काय, हें दप्तरांत हयात घालविलेल्यास सांगावयास नको. पुढच्या वर्षीं ब्रिटनी प्रांतांत बटाट्याचा भाव कोसळला आणि तरुणांचा धीर सुटला. ८ जून १९६१ च्या पहांटे हजारों शेतकरी ट्रॅक्टर घेऊन मोर्ले गांवीं शिरले आणि त्यांनीं तेथील उपजिल्ह्याची सरकारी कचेरीच ताब्यांत घेतली. त्यांचा पुढारी अलेक्सी गुर्वेनेक अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्यास व त्याच्या सोबत्यास अटक झाली. ब्रिटनीभर व इतर प्रांतांतहि रस्ते अडले. आणि २२ जून रोजीं न्यायालयानें दोघांस सोडून दिलें. कचेरी ताब्यांत घेण्याचें समर्थन माझ्यासारख्या जुन्या नोकराच्या लेखणींतून होणार नाहीं. पण झालें तें असें झालें.

त्याच ऑगस्टांत एद्गार पिझानी हे शेतकीमंत्री झाले. पूर्वीं ते स्वतः जिल्ह्याचे अधिकारी होते. तरुणांच्या पुढाऱ्यांशीं बसून, त्यांच्या मागण्या समजून घेऊन, त्यांनीं वर्षभरांत ८ ऑगस्ट १९६२ चे कायदे तयार करविले. जमीनसंस्थांस विकाऊ जमिनीवर प्रथम खरेदीचा हक्क मिळाला, म्हणजे श्रीमंताची बोली आधीं लागून जमीन हातची जाण्यास आळा बसला. दुसरें कलम मला फार मोलाचें वाटतें. जो वृद्ध शेतकरी आपलें शेत सोडून तें दुसऱ्याची शेती वाढविण्यास देईल, त्यास सरकारनें हयातभर वर्षासन द्यावें, असें ठरलें. तरुणांनीं मागून घेतलेल्या कायद्यांत म्हाताऱ्याच्या भाकरीची सोय होती! भाकरीस कोण विचारील, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं सरकारकडून लिहून घेतलें.

तिसरी गोष्ट संयुक्त शेतीच्या गटांची. दोन ते दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक गट करावा, प्रत्येकानें त्यांत काम करावें, आणि कायद्यानें प्रत्येकास शेतकरी म्हणूनच मानावें. पुढें बापलेकांचे असे गट पुष्कळ झाले. जमिनीची मालकी बापाकडेच राहूं शके, शेताचे तुकडे होत नसत, आणि मुलगा मात्र भागीदार होई. १९७३ सालीं डोंगरी भागांत, व १९७६ सालीं सर्व देशांत, नव्यानें शेती सुरू करणाऱ्या तरुणास आरंभाची रक्कम देण्याची पद्धति सुरू झाली. तींत शिक्षणाची व धंद्याच्या आराखड्याची अट घातली.

याची दुसरी बाजू लपविणें बरें नव्हे. मुलींचा आणि सुनांचा विचार या तरुणांनींहि फारसा केला नव्हता; केवळ पतिपत्नी दोघांचाच गट करण्याची मुभा तेथें २०१० सालीं मिळाली. शिवाय शेती मोठी करावयाची म्हणजे कोणी तरी ती सोडावयाची. १९५५ सालीं तेथें सुमारें २३ लाख शेतकरी खातीं होतीं, तीं २०२० च्या गणतींत सुमारें ३ लाख ९० हजार उरलीं. याचें सर्व कारण हे कायदे नव्हेत, यंत्रें आणि कारखानेहि त्यास कारण झाले. तथापि त्याच संघांतून वाढलेल्या बेर्नार लांबेर या पुढाऱ्यानें पुढें या मार्गावर कडक टीका केली, ती अगदींच निराधार नव्हती. आपल्या राज्यांत तर २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सरासरी खातें १.३४ हेक्टरांचें. येथें एकानें सोडून दुसऱ्यानें वाढवावें असें म्हटलें तर सोडणारा जाईल कोठें? त्यांचा तो भाग आम्हांस नको. बापलेकांच्या भागीदारीचा आणि वृद्धाच्या वर्षासनाचा भाग मात्र विचार करण्याजोगा आहे.

आमच्याकडे मुलाच्या नांवाचे मार्ग ठाऊकच आहेत. वारसनोंद बापाच्या पश्चात. हयातींत म्हटलें तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ ची वांटणी. पण तिनें शेताचे भाग पडतात, आणि १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो तो वेगळाच. सामाईक खात्यांत नांव लागलें तरी पुढें प्रत्येक कामास सर्व खातेदारांच्या संमतीच्या सह्या मागतात. जुन्या उताऱ्यांवर 'ए. कु. मॅ.' म्हणून वडील भावाचें नांव आणि बाकीचे भाऊ अदृश्य, अशीं खातीं मीं ढिगानें पाहिलीं. मुलींस २००५ सालच्या दुरुस्तीनें मुलासारखा हक्क मिळाला असतां, त्यांची नांवें इतर हक्कांच्या सदरांत टाकून देण्याची रीत पुष्कळ दिवस चालू होती.

सरकारी योजनाहि याच उताऱ्यावरून चालतात. वार्षिक ६००० रुपयांच्या किसान सन्मान निधीचे मूळ नियम पाहा: १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरून खातेदार पात्र; त्यानंतर नांवांत झालेला बदल पांच वर्षें विचारांत घ्यावयाचा नाहीं; अपवाद फक्त खातेदाराच्या मृत्यूनें लागलेल्या वारसाचा. बापानें आपण होऊन हयातींत मुलाचें नांव लाविलें तर मुलास कांहीं नाहीं. २०१५ सालीं तरुणांस शेतींत टिकविण्यासाठीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें 'आर्या' योजना काढली, ती कृषि विज्ञान केंद्रांमार्फत चालते. मधमाशा, अळिंबी, कुक्कुटपालन, रोपवाटिका असे धंदे तींत शिकवितात. चांगले धंदे आहेत. पण ते शेताच्या कडेचे आहेत. शेत कोणाचें, हा प्रश्न त्यांनीं सुटत नाहीं.

पुढें केव्हांहि केंद्राकडून वा राज्याकडून युवा धोरणाचा मसुदा निघाला, तर आपल्या संघाच्या सभासदांनीं आपल्या मुलामुलींस बरोबर बसवून त्यावर लेखी सूचना पाठवावी. सूचना अमुकच असावी असें नाहीं. मला सुचतात त्या दोन. शेत न फोडतां बापलेकांची भागीदारी सातबाऱ्यावर नोंदविण्याचें सदर असावें, आणि त्या नोंदीवर मुलास वा मुलीस स्वतःच्या सहीनें अर्ज करितां यावा. आणि अशी भागीदारी करून देणाऱ्या वृद्ध खातेदारास हयातभर कांहीं नेमणूक मिळावी. ग्रामसभेंत तसा ठराव करून तो तहसिलीकडे पाठविला तर त्याची आवक नोंद होते, क्रमांक पडतो. तो क्रमांक टिपून ठेवावा, आणि उत्तर न आल्यास त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हां लिहावें.

त्या शेतकऱ्याचें नांव शेवटीं लागलें. फेरफार माझ्याच टेबलावरून गेला. वडील वारल्याची तारीख आणि वारसाचें वय त्यांत लिहिलेलें होतें; वय एकेचाळीस होतें.