स्त्रीचे ऋतुचक्र, संप्रेरक-आरोग्य आणि ख्रिस्ती विवाहविचार

प्रस्तावना

मासिक पाळी हा विषय मराठी समाजात दीर्घकाळ सूचक शब्दांच्या आड राहिला. ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ या शब्दप्रयोगांतून पाळीचे अस्तित्व मान्य होते, पण तिचे स्वरूप कळत नाही. ख्रिस्ती परंपराही या संकोचापासून पूर्णपणे मुक्त नव्हती. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात ऋतुमती स्त्रीच्या अशौचाचे नियम आहेत. नव्या करारात मात्र मार्कच्या शुभवर्तमानातील ५ व्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेल्या स्त्रीची कथा येते. अनेक वैद्यांच्या हाती सर्व पैसा खर्चूनही तिचे दुखणे वाढतच गेलेले असते. ती गर्दीत येशूच्या वस्त्राला स्पर्श करते, तेव्हा तो तिला दूर लोटत नाही, तर सर्वांसमक्ष कन्या म्हणून संबोधतो. रजस्वला स्त्रीला चर्चमध्ये येण्यास मज्जाव करू नये, असे मत पोप पहिले ग्रेगरी यांच्या नावे बीडच्या इ. स. ७३१ मधील इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. तरीही पुढील अनेक शतके व्यवहारात विटाळाची कल्पना टिकून राहिली.

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकात एक विलक्षण गोष्ट घडली. विवाहनीतीच्या एका कठोर प्रश्नातून ख्रिस्ती, विशेषतः कॅथलिक, वैद्यकांना स्त्रीच्या ऋतुचक्राचे बारकाईने निरीक्षण करणे भाग पडले आणि त्यातून स्त्रीच्या आरोग्याविषयीचे उपयुक्त ज्ञान निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या ज्ञानाचे स्वरूप, त्याची मर्यादा आणि त्यामागील धर्मविचार यांचा परामर्श घेतला आहे.

ऋतुचक्राची शरीरक्रिया

मेंदूतील अधश्चेतक, त्याखालील पीयूषिका ग्रंथी आणि अंडाशय यांच्या परस्परसंवादातून ऋतुचक्र चालते. चक्राच्या पूर्वार्धात अंडाशयातील पुटक वाढू लागते व इस्ट्रोजेनचे प्रमाण चढत जाते. त्याच्या प्रभावाने गर्भाशयमुखातील स्राव पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो. या स्रावात शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. इस्ट्रोजेन शिखरावर पोहोचले की पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट येते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते. रिकाम्या पुटकापासून पीतपिंड तयार होतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते, स्राव घट्ट होतो आणि शरीराचे विश्रांतीकालीन तापमान साधारणतः ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढते. म्हणजेच स्त्रीला कोणत्याही उपकरणाविना जाणवणारा स्राव हा इस्ट्रोजेनचा दर्शक असतो, तर सकाळी उठण्यापूर्वी तापमापकाने घेतलेली नोंद प्रोजेस्टेरॉनची साक्ष देते. नैसर्गिक जननक्षमता-जाणीव म्हणतात ती मूलतः एवढीच.

अठ्ठावीस दिवसांचे चक्र आणि चौदाव्या दिवशी बीजविमोचन हे पाठ्यपुस्तकांतील चित्र मात्र फसवे आहे. अमेरिकेतील विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ मध्ये असे दाखवले की, गर्भधारणा बीजविमोचनाचा दिवस व त्यापूर्वीचे पाच दिवस अशा सहा दिवसांतच संभवते. त्याच गटाने २००० मध्ये मांडलेला निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे : हे सहाही दिवस चक्राच्या १० ते १७ या दिवसांत येतील अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच होत्या. केवळ कॅलेंडरवर विसंबणाऱ्या पद्धती का फसतात, याचे उत्तर येथे मिळते. आज भ्रमणध्वनीवरील अनेक अॅप केवळ मागील पाळ्यांच्या तारखांवरून ‘सुरक्षित’ दिवस सांगतात. यंत्र नवे असले तरी पद्धत शंभर वर्षे जुनीच आहे.

कॅलेंडरपासून निरीक्षणाकडे

जपानमधील क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले की, बीजविमोचन हे मागील पाळीनंतर ठरावीक दिवशी नव्हे, तर पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते. यावर कॅलेंडर पद्धत उभी राहिली. १९३० च्या दशकात विल्हेल्म हिलेब्रांड या जर्मन धर्मगुरूने तिला तापमानाच्या नोंदींची जोड दिली. १९५३ मध्ये मेलबर्नमधील मज्जाविकारतज्ज्ञ जॉन बिलिंग्ज यांना तेथील एका धर्मगुरूने विवाहित जोडप्यांसाठी मार्गदर्शन करण्याची विनंती केली. बिलिंग्ज यांनी गर्भाशयमुखातील स्रावाकडे लक्ष वळवले. त्यांच्या पत्नी, बालरोगतज्ज्ञ एव्हेलिन बिलिंग्ज, यांच्या सहभागाने स्त्रियांचे स्वतःचे वर्णन हाच पद्धतीचा आधार बनला, आणि जेम्स ब्राऊन यांच्या संप्रेरक-मापनाने त्या वर्णनाला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची पाच केंद्रांत चाचणी घेतली. ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वादोरमधील सान मिगेल आणि आपल्याकडील बंगलोर ही ती केंद्रे होत. ८६९ स्त्रिया सहभागी झाल्या. त्यांत निरक्षर स्त्रियाही होत्या. त्यांपैकी ९३ टक्के स्त्रियांना पहिल्याच चक्रात स्रावाचा आकृतिबंध ओळखून नोंदवता आला. शरीराचे ज्ञान शाळेवर अवलंबून नसते, हे यातून दिसून आले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले परिणामकारकतेचे आकडे मात्र पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना नेहमीच सोयीचे वाटत नाहीत. शंभर स्त्री-वर्षांमागे पद्धतीच्याच अपयशाने झालेल्या गर्भधारणा केवळ २.८ होत्या; पण नियम ठाऊक असूनही ते जाणीवपूर्वक मोडल्याने झालेल्या १५.४. उलट, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात ९०० स्त्रियांनी स्राव व तापमान या दोन्ही खुणांचा उपयोग केला आणि तेरा चक्रांत शंभरामागे अनियोजित गर्भधारणा एकूण १.८ इतक्याच आढळल्या.

या १५.४ चा अर्थ काय? दाम्पत्याने नियम मोडला, इतकेच आकडा सांगतो. निर्णय कोणाचा होता, हे तो सांगत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौलाने परस्परसंमतीने काही काळ संयम पाळण्याची मुभा दिली आहे. येथे ‘परस्पर’ हा शब्द निर्णायक आहे. ज्या घरात पत्नीच्या नकाराला किंमत नाही, तेथे तिच्या हातातील तक्ता कितीही अचूक असला तरी तो निरुपयोगी ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. जबाबदारीची ही वाटणी पाहता, पुरुषाच्या सहभागावर उभी असलेली पद्धत भारतात सहज रुजेल अशी अपेक्षा भाबडी ठरेल.

भारतातील मण्यांची माळ

तसा प्रयत्न झालाही होता. भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या व गांधीविचाराच्या अनुयायी होत्या. कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या आग्रहावरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना १९५१ मध्ये भारतात पाठवले आणि दिल्लीतील लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे कॅलेंडर पद्धतीचे प्रयोग झाले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना निरनिराळ्या रंगांच्या मण्यांच्या माळा देण्यात आल्या. अपेक्षित यश आले नाही. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, र. धों. कर्वे यांचे निधन झाले. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन सोडावे लागले होते. मिशनरी महाविद्यालयाला जे असह्य वाटले, त्यातील काही भाग अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने अवघ्या पाच वर्षांनी, १९३० मध्ये, सशर्त मान्य केला, हा इतिहासाचा उपरोध नोंदवण्यासारखा आहे. मण्यांची माळ पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठाच्या संशोधनातून नव्या रूपात परतली. २६ ते ३२ दिवसांचे नियमित चक्र असणाऱ्या स्त्रियांनी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत संयम पाळावा, असा तिचा साधा नियम आहे. अनियमित चक्राच्या स्त्रीला ती देऊच नये, ही जाण या वेळी आधीपासून होती.

धर्मविचारातील ताण

लॅम्बेथला उत्तर म्हणून पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० रोजी ‘कास्ती कोनुबी’ हे परिपत्रक काढले. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये इटलीतील सुईणींपुढे केलेल्या भाषणात, गंभीर कारण असल्यास वंध्यकाळाचा आधार घेण्यास स्पष्ट मान्यता दिली. पण खुद्द कॅथलिकांमध्ये एकमत नव्हते. डॉ. जॉन रॉक यांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. त्यांनी १९३६ मध्ये बोस्टन परिसरात कॅलेंडर पद्धतीचे चिकित्सालय सुरू केले; तेच श्रद्धाळू कॅथलिक रॉक पुढे गर्भनिरोधक गोळीचे एक जनक ठरले. पोपनी नेमलेल्या आयोगापुढे शिकागोच्या पॅट आणि पॅटी क्राउली या दाम्पत्याने जगभरातील कॅथलिक जोडप्यांची पत्रे ठेवली. तापमापक आणि कॅलेंडर यांनी सहजीवनावर आणलेला ताण त्यांत अनेक स्त्रियांनी व्यक्त केला होता. १९६६ मध्ये आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने गेले; पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ च्या ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात ते स्वीकारले नाही. त्या पत्रांतील स्त्रियांचा अनुभव आजही या शिकवणीच्या अध्यापनात क्वचितच समाविष्ट होतो, ही उणीव मान्य करावी लागते.

तक्ता आणि रोगनिदान

संततिनियमनाचा वाद बाजूला ठेवला तरी ऋतुचक्राच्या नोंदीचे वैद्यकीय मूल्य उरते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ मध्ये, किशोरींच्या पाळीकडे नाडी व रक्तदाबाप्रमाणेच प्राणदर्शक चिन्ह म्हणून पाहावे, असे मत पुन्हा मांडले. पाळी नव्वद दिवसांहून अधिक लांबणे किंवा रक्तस्राव सात दिवसांपलीकडे चालणे, ही तपासणीची कारणे होत. तापमान चढलेच नाही, तर त्या चक्रात बीजविमोचन झाले नसावे अशी शंका येते. हे वारंवार घडल्यास बहुपुटक अंडाशय, अवटू ग्रंथीचा विकार, प्रोलॅक्टिनची वाढ, अपुरा आहार वा अतिव्यायाम यांचा शोध घ्यावा लागतो. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेथे अतिस्रावाची साधी नोंदही मोलाची आहे. तथापि तक्ता म्हणजे निदान नव्हे. बहुपुटक विकारात स्रावाच्या खुणा वरचेवर येऊन दिशाभूल करतात. एंडोमेट्रिओसिसच्या वेदना तापमानात दिसत नाहीत. ‘संप्रेरकांचा समतोल’ साधून देणाऱ्या आहारयोजना व मलमे काही ख्रिस्ती वर्तुळांतही श्रद्धेच्या भाषेत विकली जातात. सृष्टीची रचना चांगली आहे या विश्वासातून, शरीर आपोआप बरे होईल असा निष्कर्ष निघत नाही. रक्तपरीक्षा व सोनोग्राफी यांना पर्याय नाही.

येथेच एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक ठरतो. पाळीच्या तीव्र वेदनेसाठी वा अतिस्रावासाठी संप्रेरकांच्या गोळ्या लिहून दिल्यास त्या घेणे पाप ठरेल, अशी भीती अनेक कॅथलिक स्त्रियांना वाटते. वस्तुतः ‘हुमाने व्हिते’च्या १५ व्या परिच्छेदात, शारीरिक व्याधीवरील आवश्यक उपचाराला, त्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार हे आधीच ठाऊक असले तरी, तो अडथळा हाच हेतू नसल्यास, चर्चची हरकत नाही असे स्पष्टपणे म्हटले आहे. विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत १४ व्या परिच्छेदातील मनाई शिकवली जाते. तिला लागूनच असलेला हा परिच्छेद बहुधा वाचलाच जात नाही, आणि सोसण्यालाच आज्ञापालन समजणारी स्त्री औषधाची चिठ्ठी पर्समध्ये तशीच ठेवून देते.